धाराशिव ते न्यूयॉर्क: पेशंटनं बोलायला कधी सुरुवात केली?

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे, फक्त थोडं आवरून घेतलं आहे.)

आजचा विषय आहे शुगर. चहात घालतो ती नव्हे, रक्तातली. आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे का दवाखाना? थांबा जरा. आज मी पथ्यपाणी सांगणार नाहीये. आज आपण बघणार आहोत की शुगर, बीपी असले आयुष्यभर चिकटणारे आजार ज्यांना आहेत, त्या माणसांनी राज्यकर्त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून "आमचं ऐका" असं म्हणायला कधी सुरुवात केली. आणि त्या गोष्टीत आपला धाराशिव जिल्हा कुठे येतो.

दोन तारखा लक्षात ठेवा. पहिली, २० डिसेंबर २००६. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मधुमेहावर एक ठराव केला. ठराव क्रमांक ६१/२२५. एका माणसापासून दुसऱ्याला न होणाऱ्या आजाराला सगळ्या जगावरचं संकट मानण्याची ती पहिली वेळ.

दुसरी गोष्ट २००७ ची. महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत एक प्रयोग सुरू झाला. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. गावातल्या लोकांनी सरकारी दवाखान्याला मार्क द्यायचे आणि भर सभेत डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायचे, असा तो प्रयोग.

या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या, पण त्यांची एकमेकींशी कधी गाठ पडली नाही. न्यूयॉर्कच्या सभेत मधुमेह होता, पण गावातला पेशंट नव्हता. धाराशिवच्या सभेत गावातला पेशंट होता, पण मधुमेह जवळजवळ नव्हता. आजचा भाग या न झालेल्या भेटीबद्दल आहे.

इन्शुलिन कुणाला आधी?

सुरुवात १९२२ पासून करू. त्याआधी लहान मुलाला मधुमेह झाला की डॉक्टरांकडे एकच उपाय होता, उपाशी ठेवणं. अक्षरशः. जेवढं कमी खाईल तेवढे दिवस जगेल, असा हिशेब. आईबापांनी पोराला डोळ्यांदेखत वाळत जाताना बघायचं.

११ जानेवारी १९२२ ला कॅनडातल्या टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. पहिला डोस नीट लागू पडला नाही, औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. मग २३ जानेवारीला सुधारलेलं इन्शुलिन दिलं आणि मुलगा सावरायला लागला. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जॉन मॅक्लिऑड आणि जेम्स कॉलिप ही त्या कामामागची मंडळी. पेटंट त्यांनी टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देऊन टाकलं. हे औषध सगळ्यांचं असावं, हा त्यामागचा विचार.

पण सुरुवातीला इन्शुलिन होतं किती? अगदी थेंब-थेंब. आणि बँटिंगच्या दारात येत होती ती पत्रं. माझ्या मुलाला द्या, माझ्या मुलीला द्या. त्या रांगेत एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी होती. वय १५ च्या आसपास आणि वजन जेमतेम २० किलो. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला पोचली, तिला इन्शुलिन मिळालं आणि ती पुढे १९८१ पर्यंत जगली. लग्न, मुलंबाळं, सगळं झालं. छान गोष्ट आहे. फक्त एक माहिती त्यात जोडा: तिचे वडील चार्ल्स ह्यूज हे त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते.

म्हणजे औषध हातात आलं त्याच वर्षी एक प्रश्न जन्माला आला आणि तो आजही सुटलेला नाही. औषध आहे. पण ते कुणाला मिळणार? ज्याचा बाप मंत्री आहे त्याला, की जो आजारी आहे त्याला? एका डॉलरला दिलेल्या त्या औषधाचा जगातला ९० टक्क्यांहून जास्त बाजार आज तीन कंपन्यांच्या हातात आहे.

पेशंट नुसता "पेशंट" राहत नाही

आता आणखी एक बाई भेटवते तुम्हाला. इव्हा सॅक्सल. मूळची प्रागची. दुसऱ्या महायुद्धात ती आणि तिचा नवरा व्हिक्टर जीव वाचवून शांघायला आले. तिथे विसाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. मग जपानी सैन्यानं शहर ताब्यात घेतलं, औषधांची दुकानं बंद झाली. इन्शुलिन मिळेना. काळ्या बाजारातल्या इन्शुलिनचा भरवसा नाही.

या दोघांनी काय केलं असेल? वैद्यकाचं एक पुस्तक मिळवलं, एका प्रयोगशाळेचा कोपरा मिळवला आणि म्हशींच्या स्वादुपिंडापासून स्वतः इन्शुलिन बनवलं. आधी सशांवर तपासलं, मग इव्हानं स्वतःला टोचून घेतलं. नंतर तेच इन्शुलिन शांघायमधल्या शेकडो लोकांना पुरवलं. दोघंही डॉक्टर नव्हते. व्हिक्टर कापडधंद्यातला माणूस.

ही गोष्ट सांगायचं कारण म्हणजे इथे पेशंट हात जोडून उभा नाही. त्याला आपल्या आजाराची माहिती आहे. पण युद्ध संपल्यावरही पुढची कितीतरी वर्षं सभा-परिषदांमध्ये पेशंटला खुर्ची नव्हती. बोलायचे ते डॉक्टर आणि कंपनीवाले. आपल्याकडे १९५५ साली मुंबईत डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकारानं डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया सुरू झाली, पलीकडे ढाक्यात १९५६ ला तशीच संस्था निघाली. या संस्थांनी मोठं काम केलं. पण सरकारपुढे उभं राहून जाब विचारणारा पेशंट अजून यायचा होता.

तो आला एचआयव्हीच्या साथीत. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एड्स झालेल्या काही तरुणांनी एक जाहीरनामा केला. आम्हाला "बळी" म्हणू नका, आणि जिथे आमच्याबद्दल निर्णय होतात तिथे आम्हाला बसू द्या, असा त्याचा आशय. २००० साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये जागतिक एड्स परिषदेच्या उद्घाटनाला ११ वर्षांचा एनकोसी जॉन्सन बोलला. स्वतः एचआयव्हीबाधित. पुढच्याच वर्षी तो गेला. त्याच २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी एड्सवर खास अधिवेशन घेतलं.

आणि इथे आपला महाराष्ट्र येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी जाहीर केलं की एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ. तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाला १० हजार डॉलरच्या वर पडायचे. पेशंट रस्त्यावर उतरले नसते तर औषधांच्या किमतीची चर्चा एवढी पेटली नसती, आणि कुणीतरी स्वस्तात बनवून दाखवलं नसतं तर नुसत्या घोषणा राहिल्या असत्या. दोन्ही लागतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात ना, पण दूध असावंही लागतं.

शाळकरी मुलगी आणि बांगलादेशचा ठराव

शुगरवाल्यांनी हे सगळं बघितलं. २००० साली जगानं "सहस्रक विकास उद्दिष्टं" ठरवली होती. त्यात एड्स होता, मलेरिया होता. मधुमेह, बीपी, कॅन्सर यांचं नावही नव्हतं. आणि जगात पैसा उद्दिष्टांच्या मागे जातो. जे यादीत नाही त्याला निधी नाही.

मग अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातली क्लेअर रोझेनफेल्ड नावाची एक शाळकरी मुलगी, स्वतः टाईप १ मधुमेह असलेली, म्हणायला लागली की संयुक्त राष्ट्रांनी मधुमेहावर ठराव करावा. कल्पना आधी अनेकांना भाबडी वाटली असणार. पण आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचे तेव्हाचे प्रमुख मार्टिन सिलिंक यांनी ती उचलून धरली, जगभरच्या संघटना एकत्र आल्या. आणि आमसभेत ठराव आणला कुणी? अमेरिकेनं नाही, युरोपनं नाही. बांगलादेशनं. ज्या देशात १९५६ पासून मधुमेहाचं संघटित काम चालू होतं, त्या देशानं.

त्या ठरावानं १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन संयुक्त राष्ट्रांचा अधिकृत दिवस झाला. बँटिंगचा तो वाढदिवस. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो. टाईप १ मधुमेह लहान मुलांनाही होतो, त्या मुलांना रोज इन्शुलिन घ्यावंच लागतं. पण शाळेतल्या बालदिनाच्या कार्यक्रमात त्यांचा उल्लेख तुम्ही कधी ऐकलाय?

जामखेडचा दिवा

आता न्यूयॉर्कहून थेट आपल्या शेजारी येऊ. भूम-परंड्याच्या पलीकडे जामखेड. नगर जिल्हा, पण पाऊस, जमीन, गरिबी सगळं आपल्यासारखंच. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. त्यांनी गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित समाजातल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडची नोंद झाली. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत जगानं "सर्वांसाठी आरोग्य" म्हटलं, त्यामागे अशाच कामांचा अनुभव होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८० च्या दशकात अमेरिकेत वॉशिंग्टनला गेल्या होत्या. मोठी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद, झुंबरं लावलेलं सभागृह, समोर जगभरचे तज्ज्ञ. मुक्ताबाईंनी भाषणात काय केलं? त्यांनी त्या झुंबरांकडे बोट दाखवलं. हे सुंदर आहे, पण महाग आहे आणि गरिबाच्या घरात पोचत नाही. मग त्यांनी साधा दिवा दाखवला. हा स्वस्त आहे, आणि एका दिव्यानं दुसरा लावता येतो. डॉक्टर म्हणजे झुंबर, गावातली सेविका म्हणजे दिवा, असा तो अर्थ. सभागृह उठून उभं राहिलं.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मुक्ताबाईंनी दया मागितली नाही. त्यांनी जगाला सल्ला दिला. आपल्या भागातली बाई जागतिक मंचावर जाऊन बोलू शकते का, हा प्रश्न चाळीसेक वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. बोलू शकते. प्रश्न बोलावण्याचा आहे.

२००७, उस्मानाबाद जिल्हा

आपल्या जिल्ह्यातही ही परंपरा आहे. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि सहकाऱ्यांची हॅलो मेडिकल फाउंडेशन. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चळवळीतून उभी राहिलेली संस्था. त्यांनी गावोगावच्या बायकांना "भारतवैद्य" म्हणून तयार केलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि उस्मानाबादची गावं जमीनदोस्त झाली. लोहारा-उमरगा भागातल्या लोकांना विचारा, दवाखाना जवळ असणं म्हणजे काय ते सांगतील. सास्तूरचं स्पर्श रुग्णालय त्याच जखमेतून उभं राहिलं.

मग २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. "आशा"ताई त्याच अभियानातून आल्या. त्याच अभियानात एक कलम असं होतं की लोकांनी आरोग्यसेवेवर देखरेख ठेवायची. त्यामागे जन स्वास्थ्य अभियान या चळवळीची मेहनत होती. २००४ मध्ये तिनं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाबरोबर देशभर जनसुनवाया घेतल्या होत्या. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या "साथी" संस्थेकडे आलं, आणि पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला जिल्हा आला. हॅलो मेडिकल फाउंडेशनसारख्या स्थानिक संस्था त्यात होत्या.

काम कसं चालायचं? गावात समिती. समितीनं लोकांना विचारायचं: नर्सबाई येतात का? गोळ्या मिळतात का? पैसे मागतात का? उत्तरांवरून प्रगतिपुस्तक. चांगलं असेल तर हिरवा रंग, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. शिकलेलं असो-नसो, रंग सगळ्यांना कळतो. ते प्रगतिपुस्तक गावात लावायचं. मग जनसुनवाई. मांडव, सतरंज्या, एका बाजूला वैद्यकीय अधिकारी आणि तालुक्याचे साहेब, दुसऱ्या बाजूला लोक. एकेकानं उठून सांगायचं: दवाखान्यात औषध नव्हतं, बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी दिली. अमुक दिवशी गेलो तर कुलूप होतं. आणि साहेबांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं.

विचार करा, ज्या भागात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, जिथे साहेबापुढे मान वर करायची सवय नव्हती, तिथे एक बाई माईक घेऊन विचारते की आमच्या गोळ्या कुठे गेल्या. मला विचाराल तर न्यूयॉर्कच्या ठरावापेक्षा ही गोष्ट लहान नाही.

पण मी मघाशी म्हटलं तसं, त्या वेळचे मुख्य विषय होते बाळंतपण, लसीकरण, कुपोषण, डॉक्टरांची हजेरी, औषधांचा साठा. शुगर-बीपीचा राष्ट्रीय कार्यक्रमच मुळी २०१० मध्ये सुरू झाला, तोही आधी देशातल्या १०० जिल्ह्यांपुरता. पुढे २०१८ मध्ये उस्मानाबाद केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. राज्यातले चार जिल्हे, त्यातला एक आपला. तिथेही आरोग्याचा भर गरोदर माता, बालकं, क्षयरोग यांवर. तो हवाच, यात वाद नाही. पण त्यातून एक समज पक्का होत गेला की गरीब जिल्ह्याचे आजार वेगळे आणि शुगर हा शहरातल्या खात्यापित्या लोकांचा आजार.

दुष्काळात शुगर कशी?

हा समज मोडला तो आपल्या पुण्यातल्या संशोधनानं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. म्हणजे आपली बाळं बारीक. पण नीट मोजलं तर स्नायू कमी आणि अंगातली चरबी मात्र त्या मानानं टिकून. दिसायला बारीक, आतून जाड. असं शरीर पुढे शुगरकडे लवकर झुकतं. आईच्या पोटात असताना झालेली उपासमार अंगात नोंदली जाते, हे नेदरलँड्समध्येही दिसलंय. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली होती. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांमध्ये मोठेपणी साखर पचवण्याची क्षमता कमी निघाली.

आता आपला जिल्हा आठवा. १९७२ चा दुष्काळ, खडीची कामं, सुकडी. त्यानंतरचेही कितीतरी दुष्काळ. आपल्याकडे नेमकं काय झालं, यावर वेगळा अभ्यास हवा, मी इथे बसून निकाल देणार नाही. पण भूक आणि शुगर ही एकमेकींची विरुद्ध टोकं नाहीत, एवढं आता पक्कं आहे.

आणि साखरेचा दुसरा संबंध तर रोज डोळ्यासमोर आहे. ढोकीच्या तेरणा कारखान्यापासून हा साखर कारखान्यांचा जिल्हा. आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला कळंब, वाशी, भूम भागातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात त्याही इथूनच. मुकादमाची उचल घेतलेली, हातात कोयता, चार-पाच महिने फडावर मुक्काम. आता अशा माणसाला शुगर असेल तर? गोळ्या त्याच्या गावातल्या दवाखान्यात आणि तो कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. तपासायला गेलं तर खाडा पडतो, मजुरी कापली जाते. इन्शुलिन चालू असेल तर फडावरच्या कोपीत फ्रीज कुठून आणणार?

यातल्या एका प्रश्नावर तोडगा निघू शकतो, तोही मातीचा. केनियातल्या दादाब भागातल्या निर्वासित छावणीतली परिस्थिती समोर ठेवून जिनिव्हाचे शास्त्रज्ञ आणि "डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स" यांनी २०२१ मध्ये दाखवलं की २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान चार आठवडे राहिलेलं इन्शुलिनही काम देतं. उन्हाळ्यात आपला पारा त्याच्या वर जातो, पण ओलसर माठ गारवा धरून ठेवतो. तुमच्या इन्शुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा, माझं ऐकून प्रयोग करू नका. मुद्दा एवढाच की छावणीतल्या माणसांचा प्रश्न कुणीतरी ऐकला, म्हणून अभ्यास झाला. फडावरच्या माणसाचा प्रश्न सभेत आला तर त्याच्यासाठीही होईल.

आणि हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

पुढाऱ्यांनी काय कबूल केलं?

सप्टेंबर २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांत या आजारांवर पहिली उच्चस्तरीय बैठक झाली. मग २०१४, २०१८ आणि २५ सप्टेंबर २०२५. मधल्या काळात, २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत या आजारांना जागा मिळाली: २०३० पर्यंत या आजारांमुळे होणारे अकाली मृत्यू एक तृतीयांशानं कमी करायचे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी मधुमेहाची पाच लक्ष्यं मान्य केली. त्यातलं एक सोप्या भाषेत सांगते: टाईप १ असलेल्या १०० टक्के लोकांना परवडणारं इन्शुलिन आणि शुगर तपासायचं साधन मिळालं पाहिजे. शंभर टक्के. म्हणजे फडावरच्या पोरालाही.

पेशंटही आता संघटित झालेत. जगभरच्या संघटनांच्या "एनसीडी अलायन्स"नं अनेक देशांतल्या आजारी माणसांना विचारून २०१७ मध्ये त्यांच्या मागण्यांचा एक मसुदा केला. उपचार द्या, भेदभाव थांबवा आणि निर्णयात आम्हाला घ्या. पण २०२५ ची बैठक बघा. जाहीरनाम्याच्या मसुद्यात तीन मोठे आकडे होते, तंबाखू, रक्तदाब आणि मानसिक आरोग्य यांच्यासाठी प्रत्येकी १५ कोटी लोकांचं लक्ष्य. मधुमेहाचा आकडा त्या तिघांत नाही. आणि त्या मसुद्यालाही अमेरिकेनं विरोध केला, एकमत झालं नाही. म्हणजे वरून सगळं आपोआप होईल या भ्रमात राहू नका.

भारत सरकारनं २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२५ पर्यंत बीपी आणि शुगरच्या साडेसात कोटी लोकांना नीट उपचाराखाली आणू. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. त्या वेळचे आरोग्यमंत्री आपल्या परंड्याचेच आमदार होते. कागदावर हक्क आहे. आता तो कागद आणि गोळ्यांचं पाकीट यांच्यामधलं अंतर कोण मोजणार?

ते दोन धागे जोडायचे कसे?

माझं म्हणणं सरळ आहे. २००६ च्या न्यूयॉर्कच्या ठरावाला २००७ च्या उस्मानाबादच्या जनसुनवाईची गरज आहे. ठराव सांगतो काय मिळायला हवं. जनसुनवाई सांगते ते मिळालं का. एक नसेल तर दुसरं अर्धवट राहतं.

बाळंतपणात काही चुकलं तर ते त्याच दिवशी दिसतं, गाव गोळा होतं. शुगरच्या गोळ्या दोन महिने मिळाल्या नाहीत तर काहीच दिसत नाही. माणूस कामाला जातो, हसतो, बोलतो. दहा वर्षांनी डोळा जातो, किडनी जाते, पायाची जखम चिघळते. तेव्हा लोक म्हणतात नशीब. त्या दोन महिन्यांची नोंद कुणाकडेच नसते. म्हणून या आजारांना प्रगतिपुस्तकाची गरज जास्त आहे.

आणि त्यासाठी नवीन काही शोधायला नको. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी व्हावी म्हणून आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. उपकेंद्राच्या आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी असतात. तिथे जन आरोग्य समिती असते, गावात ग्राम आरोग्य समिती असते, ग्रामसभा असते. तुमच्यातले अनेकजण अठरा-वीस-पंचवीसचे आहात. घरात आजीला नाहीतर वडिलांना शुगर असेल, त्यांची फाइल तुम्हीच सांभाळत असाल. मग तिथे जाऊन चार प्रश्न विचारा. गेल्या तीन महिन्यांत शुगर-बीपीच्या गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या? शुगर तपासायच्या पट्ट्या आहेत का? ऊसतोडीला जाणाऱ्यांना जाताना पुढच्या महिन्यांची औषधं मिळतात का? टाईप १ ची मुलं गावात किती, आणि त्यांना इन्शुलिन कुठून मिळतं? उत्तरं लिहून ठेवा. हिरवा, पिवळा, लाल. आणि पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. कुणाचं नाव घेऊन आजार जाहीर करू नका, त्याची परवानगी फक्त त्या माणसाची.

साहेब चिडतील का? कदाचित. पण बऱ्याचदा तिथल्या डॉक्टरांनाही वरून साठाच आलेला नसतो. तुमचा कागद त्यांच्याही कामाचा ठरतो, वर पाठवायला. २०२२ पासून धाराशिवला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी या कामात हात दिला तर सोन्याहून पिवळं. वैद्यकीय विद्यार्थी काय उभं करू शकतात ते अणदूरला दिसलंच आहे.

क्लेअर शाळेत होती, एनकोसी ११ वर्षांचा होता, मुक्ताबाई तर एका खेड्यातून गेलेल्या. या तिघांकडेही सत्ता नव्हती. आपल्या आजाराबद्दल, आपल्या गावाबद्दल त्यांना जे माहीत होतं ते खोलीतल्या मोठमोठ्या माणसांना माहीत नव्हतं, एवढीच त्यांची पुंजी. ती तुमच्याकडेही आहे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात असं प्रगतिपुस्तक कुणी केलं तर नक्की कळवा, त्यावर एक अख्खा भाग करू. घरातल्या शुगरवाल्या माणसाला हा भाग ऐकवा, आणि त्यांची गोळी घेऊन झाली का तेही विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!